‘नकाशा बघून लिहिलेलं’ : वाल्पराइसोच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चिलीतल्या वाल्पराइसो या बंदराच्या शहराबद्दल मी ‘वाल्पराइसोला कसं जावं’ हा लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले नाही, कारण तेव्हा मन शांत नव्हतं. आजही फारसं नाही, पण लिहिते.

बाकी वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. अंतर चुकलंय, रेल्वेचा उल्लेख नाही, अर्जेंटिनातल्या मेंदोसाहून अँडीज पर्वत ओलांडून येणारी वाट दोन ओळींत उरकली, बस टर्मिनलच्या भागातल्या चोऱ्यांबद्दल सावध केलं नाही, आणि 30 तासांचा प्रवास करून चिलीत उतरलेल्या ज्येष्ठांना बसने जायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. शेवटी तुम्ही लिहिता, ‘बाई, नकाशा बघून प्रवास लिहू नका.’

अंतराबद्दल तुमचं बरोबर आहे. राजधानी सांतियागो ते वाल्पराइसो मी 100 किलोमीटर लिहिलं होतं, रस्त्याने ते साधारण 120 भरतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. प्रतिक्रियेच्या पहिल्या ओळीत मी ‘ताई’ होते, शेवटच्या ओळीत ‘बाई’ झाले. चूक दाखवा, दहा वेळा दाखवा. पण एका माणसाने मनापासून लिहिलेलं खोटं ठरवायला एवढंसं वाक्य पुरतं असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याला उत्तर द्यायलाच हवं.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, सावंतवाडी डेपोला. तिकिटांची पेटी, चामड्याची पिशवी आणि घंटीची दोरी बघत मी वाढले. नव्या गावी गेलं की आधी स्टँड कुठे आहे ते बघायचं, ही सवय तिथली. नवऱ्याच्या नोकरीमुळे 2016 ते 2019 आम्ही सांतियागोत राहिलो आणि त्या काळात मी वाल्पराइसोला किती वेळा गेले ते मोजलेलं नाही. एकदा स्वतःची गाडी घेऊन, एकदा ऑफिसच्या सहलीच्या गाडीतून आणि बाकी प्रत्येक वेळी बसने. नकाशा मी बघितला तो पहिल्या खेपेला.

ज्येष्ठांचं म्हणता, तर ऐका. 2018 च्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे आली. वय 71, दोन्ही गुडघे दुखरे. तिला मी याच बसने नेलं. मेट्रोच्या एक नंबर लाइनवर पाहारितोस स्टेशन आहे, तिथून बाहेर पडलं की बसचं टर्मिनल लागूनच. विमानतळाची बसही तिथे थांबते, म्हणजे उतरलेल्या माणसाला शहराच्या मध्यात शिरायची गरजच नाही. हे लेखात स्पष्ट लिहिलं आहे, तुम्ही ते वाचलेलं दिसत नाही. दिवसभर पाठोपाठ गाड्या सुटतात. साहाय्यकाने आईची बॅग खालच्या कप्प्यात ठेवली, बॅगेला चिठ्ठी बांधली आणि तिचा अर्धा तुकडा आईच्या हातात दिला. आईने तो पदराच्या टोकाला बांधला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

सापाता बोगदा ओलांडला की कासाब्लांकाचं खोरं लागतं, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. सकाळची वेळ असेल तर समुद्राचं धुकं इथवर आलेलं असतं. त्या दिवशी ते इतकं दाट होतं की रस्त्याच्या कडेचे वेलही धूसर दिसत होते. आई काच पुसून पुसून बघत होती. पावणेदोन तासांत आम्ही वाल्पराइसोत चिलीच्या संसदेच्या इमारतीसमोरच्या टर्मिनलवर होतो. तिथून ट्रॉलीबस घेतली. त्यांतल्या काही गाड्या 1940 च्या दशकात अमेरिकेत बांधलेल्या आहेत आणि अजून धावतात. मग एल पेराल नावाच्या लिफ्टने टेकडीवर. ही 1902 सालची, लाकडी डब्याची, केबलने रुळांवरून तिरकी चढणारी. एकही पायरी न चढता आई वर पोचली. खाली बंदराच्या क्रेन दिसत होत्या, समोर पिवळी, निळी, गुलाबी घरं. आई एका घरापाशी गेली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, ‘गो, ह्ये पत्रेच मां!’ खरंच होतं ते. वाल्पराइसोच्या कितीतरी घरांना बाहेरून पन्हळी पत्रा मारून वर रंग दिलेला असतो. कोकणातल्या बाईला ते हाताने कळलं.

हे नकाशात दिसत नाही.

ज्यांना परवडतं त्यांनी विमानतळावरून टॅक्सी जरूर करावी, मी कुणाला अडवलेलं नाही. पण बसने जाणं म्हणजे ज्येष्ठांचे हाल, हे गृहीतक मला मान्य नाही. आयुष्यभर एसटीने फिरलेल्या माणसांना बस काय असते ते आपण शिकवू नये.

रेल्वेचा उल्लेख नाही, कारण सांतियागोहून वाल्पराइसोला जाणारी प्रवासी रेल्वे आज नाही. मार्ग 1863 साली पुरा झाला होता. 1986 मध्ये केरोंकेजवळ दोन प्रवासी गाड्या समोरासमोर आदळल्या, आणि त्यानंतर ती सेवा फार काळ टिकली नाही. आज वाल्पराइसोच्या बंदरापासून शेजारच्या विन्या देल मार शहरावरून लिमाचे गावापर्यंत लोकल धावते, तेवढीच. तुमच्या ओळखीच्यांनी जी ‘ट्रेन’ घेतली असं तुम्ही लिहिता, ती हीच असणार. मला नकाशाबद्दल बोलण्याआधी तुम्ही एवढं तपासायला हवं होतं.

मेंदोसाच्या वाटेबद्दल: साधारण 3,200 मीटर उंचीवरचा बोगदा, मग चिलीच्या बाजूला उतरणारी नागमोडी वळणं, हिवाळ्यात बर्फामुळे घाट बंद पडण्याची शक्यता. मेंदोसाहून थेट विन्या आणि वाल्पराइसोच्या बस आहेत, हे लेखात आहे. यापेक्षा जास्त हवं असेल तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. चोऱ्यांबद्दल काय लिहू? बॅग सांभाळावी, हे सांगायला लेख लागतो का?

तुम्ही स्वतः तिथे कधी गेला होतात, कोणत्या महिन्यात आणि कसे, हे तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेत कुठेही नाही. ते लिहिलंत तर मी नक्की वाचेन आणि उपयोगी असेल तर लेखात तुमचा उल्लेख करून घालीन.

सामानाच्या चिठ्ठीचा तो अर्धा तुकडा आईने जपून आणला, सावंतवाडीच्या घरी देवघराच्या खणात आहे. गणपतीला गेले की त्याचा फोटो काढून इथे टाकते.