शेव्हेल विकणे आहे. घासाघीस करणाऱ्यांनी फिरकू नये

तुमच्या गॅरेजमध्ये शेव्हर्ले कंपनीची 1970 ची शेव्हेल एसएस (म्हणजे सुपर स्पोर्ट) उभी आहे. क्रॅनबेरी रेड रंग, बॉनेटवर दोन रुंद काळे पट्टे. हजारावर तास घालून ती नव्यासारखी केली, आणि आता ती विकायची असं घरात ठरलं आहे. ठरवणारे तुम्ही नव्हता, हे उघडच आहे. पण घाबरू नका. जाहिरात चालू आणि गाडी जागच्या जागी, असा संसार अमेरिकेत कितीतरी जण वर्षानुवर्षं सुखाने करत आहेत. थोडी शिस्त पाळली की झालं.

सुरुवात किमतीपासून. बिलांची फाइल काढा आणि सगळी बिलं जोडा. बंपरचं क्रोमिंग पहिल्यांदा सोलून निघालं म्हणून दोनदा करावं लागलं असेल, तर दोन्ही बिलं धरा; पहिल्या कारागिराची चूक नव्या मालकाने नाही तर कोणी भरायची? स्वतःची मजुरी लावा, रविवारची दीडपट. मग टीव्हीवर जानेवारीतला स्कॉट्सडेलचा लिलाव बघा, तिथली सगळ्यात महागडी शेव्हेल निवडा आणि दोन आकड्यांपैकी जो मोठा असेल तो लावा. पडद्यावरच्या आकड्यात खरेदीदाराकडून वरून घेतलेलं कमिशन अनेकदा मिसळलेलं असतं आणि विकणाऱ्याच्या वाट्यातूनही कमिशन कापलं जातं, असल्या क्षुल्लक गोष्टींत शिरू नका. जुन्या गाड्यांचे भाव छापणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या दरपत्रकात गाड्यांची प्रत 1 ते 4 अशी लावलेली असते. पहिली प्रत म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी, जिच्या खालच्या बोल्टवरही कारखान्यातल्यासारखी खूण असते. तुमची गाडी जास्तीत जास्त तिसरीत बसते, म्हणून तुम्ही पहिलीचा भाव मागा.

जाहिरातीचा मजकूर पुणेरी पाटीसारखा हवा. 'गाडीची किंमत मला ठाऊक आहे. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये. अदलाबदल नाही. शेवटचा भाव विचारू नये.' गाडीबद्दल एक ओळ पुरे: 'सगळं नवीन.'

आता खरी मजा. तुमच्या गाडीत 454 घन इंचांचं इंजिन आहे, तेव्हा ती एलएस6 आहे असं बेलाशक लिहा. 450 अश्वशक्तीचं हे इंजिन 1970 च्या साधारण साडेचार हजार गाड्यांत बसलं. एक तुमची का नसावी? 360 अश्वशक्तीच्या एलएस5 चं नावसुद्धा काढू नका. त्या वर्षीच्या 13 अक्षरी व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, गाडी एसएस आहे की नाही, हेही कळत नाही. 136370 म्हणजे शेव्हर्लेची व्ही8 मालिबू (शेव्हेलचंच साधं मॉडेल), दोन दारांची हार्डटॉप, साल 1970. पुढचं अक्षर कारखान्याचं, बी असेल तर बाल्टिमोर, के असेल तर कॅन्सस सिटी. मग अनुक्रमांक, आणि संपलं. एसएस हे वरून घ्यायचं पॅकेज होतं: झेड25 घेतलं की 396, झेड15 घेतलं की 454. (त्या वर्षी 396 चा बिल्ला लावून कंपनीने प्रत्यक्षात 402 घन इंचांचं इंजिन दिलं. बिल्ल्यांच्या बाबतीत तुम्ही काही नवी प्रथा पाडत नाही आहात.)

पुरावा असतो तो बिल्डशीटचा. जोडणीच्या वेळचा हा कागद कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. टाकी उतरवताना तो मळकट चिटोरा समजून तुम्ही फेकून दिला असेल, तर अर्धं काम फत्ते. वॉरंटीच्या पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टीही अडगळीबरोबर जाऊ द्या. कागद नसलेली एसएस म्हणजे जाणकाराच्या लेखी बिल्ले लावलेली मालिबू, आणि खऱ्या एलएस6 च्या निम्म्यानेही तिला कोणी देत नाही.

तरी एखादा खोलात शिरणारा येतोच. तो गाडीखाली सरपटत जाऊन मागचा अ‍ॅक्सल बघेल. एसएसला 12 बोल्टचा असतो, साध्या मालिबूला 10 चा. झाकणावरचे बोल्ट मोजता येणारा माणूस तुमचा शत्रू. डॅशबोर्डवर गोल डायल आहेत की मालिबूचा आडवा स्पीडोमीटर, हे तर त्याला काचेतूनच दिसतं. मग तो टॉर्च घेऊन इंजिनच्या उजव्या बाजूला वाकेल, पुढच्या टोकाला हेडच्या लगत पुढे जी छोटी सपाट जागा आहे तिथे. चार गिअरच्या एलएस6 वर तिथे सीआरव्ही अशी अक्षरं असतात (होंडाचा काही संबंध नाही). रिबिल्डच्या वेळी ब्लॉकचा माथा तासला असेल तर ती पुसली गेली असणार. अशा वेळी बाजारातून अक्षरांचे पंच आणा आणि हातोड्याने ठोका. कारखान्यात ब्लॉक ब्रोच करताना, म्हणजे यंत्राने सपाट तासताना, पडलेल्या बारीक समांतर रेघा तासलेल्या जागेवर उरत नाहीत, आणि हाताने ठोकलेली अक्षरं एका ओळीत बसत नाहीत. त्याला हे कळायला अर्धा मिनिट लागेल, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडेल. गाडी वाचली.

व्हीआयएनची पट्टी मात्र हौसेनेसुद्धा उचकटू नका. ती फुलाच्या आकाराच्या खास रिव्हेटांनी बसवलेली असते. तिथे साधे पॉप रिव्हेट दिसले तर गिऱ्हाईक पळतं, ते ठीकच, पण हे प्रकरण फौजदारीत जाऊ शकतं.

फोटो बारा पुरेत. सूर्यास्ताला, गाडीवर पाणी मारून. ओल्या पत्र्यावर रंगाचे डाग आणि लाटा दिसत नाहीत. खालच्या बाजूचा, डिकीच्या तळाचा एकही फोटो नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेव्हेलच्या मागच्या काचेभोवतीच्या क्रोमपट्टीखाली क्लिपांशी पाणी साचतं, तिथला पत्रा सडतो, आणि पाणी आत झिरपून डिकीचा तळ खातं. हे ओळखणारा माणूस आधी डिकीतलं मॅटिंग उचलतो. म्हणून ते गोंदाने चिकटवून टाका. मागच्या चाकांच्या कमानीखाली सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करण्यापेक्षा बोटभर पुट्टी भरणं सोपं. आता काही लोक रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशात घेऊन फिरतात. कारखान्यातला रंग 4 ते 6 मिल, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. नीट पुन्हा दिलेला 10-15 पर्यंत जातो. तुमच्या कमानीवर आकडा 60 आला, तर 'दर्जेदार रंग भरपूर दिलाय' असं सांगा.

माणूस यायच्या अर्धा तास आधी इंजिन तापवून ठेवा. थंड इंजिन फार खरं बोलतं: व्हॉल्व्हची सील झिजली असतील तर निळा धूर सोडतं, लिफ्टर टकटकतात, चोक नीट नसेल तर दोनदा बंद पडतं. ऑइल 20डब्ल्यू-50 भरा, म्हणजे झिजलेल्या बेअरिंगांवरही प्रेशरचा काटा वर राहतो. येणारा आधी रेडिएटरच्या होजला हात लावेल आणि गरम लागला की मनातल्या मनात दोन-तीन हजार डॉलर कमी करेल. करू द्या. कॉम्प्रेशन टेस्ट विचारली तर अपमान झाल्यासारखं बघा. आठही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांत आहेत हे कागदावर लिहून तयार ठेवणं वीस मिनिटांचं काम आहे, पण त्याने गाडी विकली जाण्याचा धोका वाढतो.

एलएस6 चं कॉम्प्रेशन 11.25 ला 1. आजच्या पंपावरच्या 91-93 ऑक्टेनवर ते चढावर खडखडतं, म्हणून पुष्कळ जण रिबिल्ड करताना कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकतात. शहाणपणाचंच आहे; फक्त कोणते टाकले, ते कोणालाही सांगू नका. मूळचा होली कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवलं असेल, तर होली भंगारात द्या. खोक्यात घालून गाडीबरोबर दिला तर गिऱ्हाईक खूश होतं.

ओडोमीटरवर 53 हजार मैल दिसतात. तो पाचच आकड्यांचा आहे, लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो. जाहिरातीत 'मूळ 53 हजार' लिहा, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर धातूपर्यंत झिजलेलं तसंच ठेवा.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून बघायला आलेले कोणी काका 'अ‍ॅव्हरेज किती देते?' विचारतीलच. खरं सांगा: लिटरला चारेक किलोमीटर. त्यांना चहा द्या, ते घेणारे नाहीत.

इतकं करूनही एखादा पूर्ण किमतीला, गाडी न बघता, ईमेलवरच तयार झाला, तर तो अर्थातच सज्जन आहे. तो चार हजार डॉलर जास्तीचा कॅशियर्स चेक (बँकेनेच काढलेला चेक) पाठवेल आणि वरचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याला वायर करायला सांगेल. चेक देणाऱ्या बँकेत फोन करून खात्री करणं, किंवा त्याच्याच बँकेच्या शाखेत भेटून डोळ्यांसमोर चेक काढून घेणं, हा शुद्ध संशयीपणा. दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसते ना? चेक बनावट निघाल्याचं कळायला कधीकधी आठवडे लागतात, आणि तोवर वायर गेलेली असते. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही करून खरेदीदाराचं नाव कोरं ठेवा, राज्याच्या डीएमव्हीला (वाहन नोंदणी खात्याला) विक्री कळवायचा फॉर्म भरू नका, आणि नंबर प्लेट गाडीवरच राहू द्या. मग गाडी गेल्यावरही तिच्या टोलच्या नोटिसा तुमच्या पत्त्यावर येत राहतील.