शेजारधर्म, नंबर ३८

माणसाला दात ३२ असतात हे मी चौथीत पाठ केले होते आणि त्या ज्ञानावर पुढची सगळी वर्षे माझे काहीही अडले नव्हते. त्यामुळे डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडात आरसा घालून वही धरून उभ्या असलेल्या मुलीला “३८ आडवी, ३७ला मागून कीड” असे सांगितले, तेव्हा पहिली शंका मला त्यांच्या अंकगणिताची आली. तोंड पूर्ण उघडे असल्यामुळे ती बोलून दाखवता आली नाही. नंतर कळले, की दंतवैद्य जबड्याचे चार भाग करतात, प्रत्येक भागाला एक अंक देतात आणि मधल्या दातापासून मागे एक ते आठ मोजत जातात. तिसरा भाग म्हणजे खालचा डावा, आणि त्यातली आठवी म्हणजे अक्कलदाढ. ती ३८. तिच्या पुढची, जी मी सहावी-सातवीत असताना आली आणि तेव्हापासून निमूटपणे चावण्याचे काम करते आहे, ती ३७.

अक्कलदाढ सहसा १७ ते २५ या वयात येते. माझी तेविसाव्या वर्षी आली, म्हणजे येण्याचा नुसता देखावा केला. हिरडी सुजली, चार दिवस कान दुखला, आई म्हणाली, “अरे, अक्कल येते आहे,” आणि वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, “उशिरा का होईना.” एक पांढरा कोपरा तेवढा हिरडीबाहेर आला आणि पुढील तेरा वर्षे तो तिथेच थांबला. लग्न झाले, नोकरी दोनदा बदलली, पण दाढेने दारातून पाऊल पुढे टाकले नाही. मीही तिला विसरलो.

आमचे मूळ घर सोलापूरचे. तिथून आई दर महिन्याला एसटीने कडक भाकऱ्यांची पिशवी आणि शेंगाचटणी पुण्याला पाठवते. कडक भाकरी ही दातांची परीक्षा घेण्यासाठीच निर्माण झाली असावी, असा माझा जुना समज आहे. परंतु खरी लबाड आहे ती चटणी. भाकरी समोरून येऊन भिडते, तर चटणीतला शेंगदाण्याचा कण गुपचूप मागे जाऊन बसतो. गेले वर्षभर तो डावीकडे शेवटी कुठेतरी बसत होता आणि जिभेने अर्धा तास खटपट केल्याशिवाय निघत नव्हता. पुढे टाचणी आणि काडेपेटीतील काडी यांचीही मदत मी घेतली, हे डॉक्टरबाईंना सांगितलेले नाही.

मग एका गुरुवारी सकाळी दातखीळ बसली. हा शब्द मी आजवर केवळ वाक्प्रचार म्हणून वापरत आलो होतो. तो एक सरळसाधा वैद्यकीय प्रकार आहे, हे ब्रश दातांपलीकडे जाईना तेव्हा समजले. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते, तिच्याखाली अन्न कुजते, सूज येते आणि ती जबड्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचली की तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. मावशीने लवंगेचे तेल सुचवले. ते मी सढळ हाताने लावले, त्यामुळे दाढेच्या जोडीला गालही भाजला. माझी आजी असती तर तिने भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडा’ पाडला असता. दाढेत किडा वगैरे काही नसतो. अडकलेल्या अन्नातल्या साखरेवर जिवाणू जगतात, त्यांच्यापासून आम्ल तयार होते आणि त्या आम्लाने दात विरघळत जातो. पण रात्री दोन वाजता दाढ ठणकत असताना आजीचे शास्त्र अधिक पटते.

गोळ्यांनी सूज उतरल्यावर संपूर्ण जबड्याचा एक्स-रे झाला. हनुवटी टेकवून, समोरच्या दातांत एक काडी चावून उभे राहायचे, आणि यंत्र आपल्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालते. पोळी लाटावी तसा माझा जबडा त्या फिल्मवर सपाट पसरला होता आणि मी एरवी कधीही हसत नाही इतका मोकळेपणाने हसत होतो. डावीकडे खाली ३८ होती. रात्रीच्या एसटीत शेजारचा प्रवासी झोपेत आपल्या खांद्यावर मान टाकतो, अगदी तशी ती ३७च्या पाठीवर रेलली होती, आणि त्या दोघींच्या बेचक्यात ३७च्या मागच्या भिंतीवर एक काळा डाग होता. तिथे ब्रश पोहोचत नाही, दोरा जात नाही, आरशात काही दिसत नाही. समोरून पाहावे तर ३७ धडधाकट!

माझी तक्रार आहे ती इथे. जिने आयुष्यात एक दाणा चावला नाही, ती ३८ एका बैठकीत सुटणार होती. शेजारधर्म पाळणाऱ्या ३७च्या वाट्याला मात्र रूट कॅनॉल, तीन-चार खेपा आणि वर टोपी. खर्चही तिचाच जास्त. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरची गळती खालच्याच्या छतातून उतरते आणि रंग खालच्यानेच काढायचा असतो, त्यातलाच हा प्रकार.

“दुखणार नाही, फक्त दाब जाणवेल,” असे डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि ते शब्दशः खरे होते. सुईनंतर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ माझ्या मालकीची राहिली नाही. दात चिमट्याने उपटतात, ही माझी कल्पना. प्रत्यक्षात त्यांनी आधी हिरडी उघडली, दाढेचे तीन तुकडे केले आणि छोट्या पहारीसारख्या हत्याराने एकेक उचकटून काढला. कापण्याचा आवाज कानातून येत नाही, हाडातून येतो. भिंतीला ड्रिल लावले असताना भिंतीला काय वाटत असेल, ते मला आता ठाऊक आहे.

तीन टाके घालून त्यांनी कापसाचा बोळा चावायला दिला आणि सूचना सांगितल्या: चोवीस तास चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही आणि थुंकायचे तर मुळीच नाही, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडे पडते आणि मग खऱ्या वेदना सुरू होतात. ज्या देशात भिंतींवर देवांच्या फरशा लावूनही कोणी थांबत नाही, तिथे थुंकायची बंदी बरोबर माझ्यावर यावी! खाली येऊन मी रिक्षावाल्याला “स्वारगेट” म्हणालो. बाहेर पडले ते “श्वालगेत”. त्याने माझ्या तिरक्या ओठाकडे आणि मग घड्याळाकडे पाहिले. सकाळचे अकरा वाजले होते. “काका, पैसे आधी द्या,” तो म्हणाला.

आठवडाभर मेतकूट-भात खाल्ला. दाढेचे तुकडे गॉझमध्ये गुंडाळून मिळाले होते. आईने फोनवर ते कौलांवर टाकायला सांगितले. आमची इमारत सात मजल्यांची आहे आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. ते तुकडे अजून टेबलाच्या खणात आहेत.

सातव्या दिवशी टाके काढताना डॉक्टरबाईंनी तीच फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली आणि या वेळी उजवीकडे बोट ठेवले. ४८ही तशीच रेलली होती. “पण ४७ अजून स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या, “लवकर काढलेली बरी. सोमवारी या.” मी पुढच्या महिन्यातली तारीख मागितली. आईची पिशवी सोमवारच्या गाडीने निघणार होती, आणि डावी बाजू बंद असल्यामुळे भाकरी सध्या उजवीकडेच चावायची आहे.