मणी कोरडे, तरी आत पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅमेऱ्याच्या पिशवीतल्या सिलिका जेलवर (ओलावा शोषणाऱ्या मण्यांच्या पुडीवर) मी लिहिलेला मजकूर तुम्ही इतक्या बारकाईने वाचलात आणि एवढी सविस्तर हरकत घेतलीत, म्हणून उत्तरही सविस्तरच देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवा पूर्ण संपृक्त झाल्याशिवाय (सापेक्ष आर्द्रता १०० टक्के झाल्याशिवाय) वाफेचं पाणी होत नाही, तेव्हा ‘६० टक्के आर्द्रतेतही जेलच्या छिद्रांत पाणी साचतं’ हे माझं वाक्य उष्मागतिकीला धरून नाही. पाणी झालं असतं तर मणी ओले लागले असते. पुडी फोडून बघितली तर ते कोरडे ठणठणीत असतात. एका ग्रॅममध्ये कबड्डीच्या पाच मैदानांएवढा पृष्ठभाग ही अतिशयोक्ती. आणि अधिशोषण (रेणू पृष्ठाला नुसते चिकटणं) व द्रवीभवन (वाफेचं पाणी होणं) या दोन गोष्टींची मी सरमिसळ केली आहे.

तुम्ही कारखान्यात कॉम्प्रेस्ड एअरचे ड्रायर सांभाळलेत असं लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करू. रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा थंड करतो, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो) गाठला जातो, पाणी खाली उतरतं आणि ड्रेनमधून जातं. तिथे तुमचा नियम तंतोतंत लागू आहे. पण अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं सच्छिद्र ऑक्साइड) किंवा जेल भरलेला दोन टॉवरचा ड्रायर आठवा. त्यात हवा थंड करावी लागत नाही आणि तरी ती उणे ४० अंश दवबिंदू घेऊन बाहेर पडते. ३० अंश तापमानाला याचा अर्थ सापेक्ष आर्द्रता जेमतेम ०.३ टक्के. संपृक्ततेच्या इतकं खाली येईपर्यंत तो टॉवर वाफ पकडतच असतो. शंभर टक्क्यांशिवाय काही होत नसेल, तर हा ड्रायर चाललाच नसता.

आता तिथे नेमकं काय होतं? पाण्याचे रेणू अॅल्युमिनाच्या पृष्ठावरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांना हायड्रोजन बंधाने चिकटतात. बस्स. थेंब नाही, द्रव नाही. हे निव्वळ अधिशोषण. त्याला छिद्राची वक्रता लागत नाही, पृष्ठाची ओढ लागते. हवा जसजशी दमट होते तसतसा रेणूंवर रेणूंचा दुसरा, तिसरा थर बसतो, आणि मग एका टप्प्यावर अरुंद छिद्रातल्या समोरासमोरच्या भिंतींवरचे थर एकमेकांना भिडतात आणि छिद्र भरून जातं. द्रवीभवन म्हणायचं ते इथून पुढे. मी दोन्ही शब्द वापरले कारण त्या पुडीत दोन्ही गोष्टी घडतात, एकापाठोपाठ एक.

तुमच्या मुख्य आक्षेपाचं उत्तर १८७१ सालचं आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखवलं की द्रवाचा संपृक्त बाष्पदाब (ज्या दाबाला वाफ आणि द्रव यांचा तोल साधतो तो) त्याच्या पृष्ठाच्या वक्रतेवर अवलंबून असतो. तक्त्यांत आपण जो आकडा बघतो तो सपाट पाण्याचा. भिंतींना चिकटणारा द्रव नळीत वाटीसारखं अंतर्वक्र पृष्ठ धरतो. त्या पृष्ठावरच्या रेणूला सपाट पृष्ठावरच्यापेक्षा थोडे जास्त शेजारी असतात, तो सहजासहजी सुटत नाही, म्हणून तिथला तोल कमी बाष्पदाबाला साधतो. २५ अंशांच्या पाण्यासाठी हिशेब सोपा आहे: १.०५ नॅनोमीटरला सापेक्ष आर्द्रतेच्या (अपूर्णांकातल्या) नैसर्गिक लॉगॅरिथमने भागायचं आणि चिन्ह सोडून द्यायचं. ९० टक्क्यांना साधारण १० नॅनोमीटर त्रिज्या येते, ८० टक्क्यांना ४.७ आणि ६० टक्क्यांना २. म्हणजे त्या आर्द्रतेला तेवढ्या किंवा त्याहून अरुंद छिद्रांत पाणी टिकू शकतं. उष्मागतिकीचा भंग कुठेच नाही. हे समीकरण उष्मागतिकीतूनच निघतं. तुमच्या ड्रायरचे ०.३ टक्के यात घातले तर त्रिज्या ०.१८ नॅनोमीटर येते, पाण्याच्या एका रेणूपेक्षाही लहान. म्हणजे तिथे द्रवाचं पृष्ठ असूच शकत नाही. अधिशोषण कुठे एकटंच असतं हेही त्याच समीकरणातून कळतं.

मात्र इतक्या बारीक फटीत ‘पृष्ठताण’, ‘वक्रता’ हे शब्द चालतात का, ही तुमची शंका वजनदार आहे. ती अनेकांनी तपासली. फिशर आणि इस्राएलअश्विली यांनी १९८१ मध्ये अभ्रकाच्या दोन पृष्ठांमधल्या फटीत सायक्लोहेक्सेन या द्रवाची वाफ जमवून केल्विनचं समीकरण ४ नॅनोमीटर त्रिज्येपर्यंत पडताळलं. २०२० मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम यांच्या गटाने पाण्याच्या एखाद-दुसऱ्या रेणूएवढ्याच उंचीच्या फटी घेतल्या, आणि अभ्रकाच्या फटीत समीकरण चक्क जुळलं. त्यांच्या मते फटीच्या भिंती किंचित लवचीक असतात, त्यामुळे ते जुळतं. तरीही २ नॅनोमीटरपेक्षा कमी व्यासाच्या छिद्रांबाबत मी हात आखडता घेईन. तिथे दोन्ही भिंतींची ओढ एकत्र येते आणि थर चढणं व छिद्र भरणं यांतली सीमाच पुसट होते. त्याला द्रवीभवन न म्हणता सूक्ष्मछिद्र भरणं म्हणायची पद्धत आहे, आणि ती योग्य आहे.

आता कोरड्या मण्यांबद्दल. आतलं पाणी बाहेर का येत नाही? कारण ते त्याच अंतर्वक्र पृष्ठाने आत ओढून धरलेलं असतं. ३ नॅनोमीटर त्रिज्येला ही ओढ सुमारे ४८० वातावरण दाबाएवढी भरते. बोटाला लागायला पाणी मण्याच्या बाहेर यायला हवं, ते येतच नाही. मीठ पावसाळ्यात पाझरतं तो प्रकार वेगळा: ७५ टक्क्यांच्या वर मीठ हवेतल्या पाण्यात विरघळायलाच लागतं, त्यात छिद्रांचा संबंध नाही. स्वतः बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि चांगले तापवून गार केलेले मणी त्यात टाका. आधी बुडबुड्यांची बारीक धार सुटते, मग ‘टिक-टिक’ आवाज येतो आणि कित्येक मणी उभे तडकतात. पाणी इतक्या जोराने आत घुसतं, आतली हवा कोंडते, वर उष्णताही सुटते. जुलैभर उघड्यावर राहिलेले मणी त्याच पाण्यात टाका. ते मुकाट तळाशी बसतात, कारण आत जागाच उरलेली नसते.

कबड्डीचं मैदान १३ गुणिले १० म्हणजे १३० चौरस मीटर. पाच मैदानं ६५० झाली. अरुंद छिद्रांच्या जेलमध्ये एका ग्रॅममागे सुमारे ०.४ मिलिलिटर पोकळी असते आणि छिद्रांची त्रिज्या १.१ नॅनोमीटरच्या आसपास. गोल नळ्या धरून आकारमानाची दुप्पट करा, त्रिज्येने भागा. ७०० चौरस मीटरच्या पुढे उत्तर येतं. मोजमापही आहे: नळीतला नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला ठेवून थोडा थोडा नायट्रोजन सोडायचा आणि पहिल्या थराला किती लागला ते काढायचं. ७०० चौरस मीटर झाकायला एका रेणूमागे ०.१६२ चौरस नॅनोमीटर धरून जवळजवळ १६० मिलिलिटर वायू लागतो (० अंश, एक वातावरण दाब). हे काही अदृश्य आकडे नव्हेत, साध्या दाबमापकावर दिसतात. ही रीत ब्रूनॉअर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडली, अमोनियाच्या लोखंडी उत्प्रेरकाचं खरं पृष्ठफळ किती हे त्यातल्या पहिल्या दोघांना हवं होतं म्हणून.

तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: ‘कुठलंही जेल घ्या, सगळं सारखंच.’ नाही हो, इथेच पैसे वाया जातात. १० नॅनोमीटर व्यासाच्या रुंद छिद्रांचं जेलही बाजारात मिळतं. त्याची पोकळी दुपटीहून जास्त, पृष्ठभाग मात्र निम्मा. ५० टक्के आर्द्रतेत ते फारसं काही धरत नाही. ९० टक्क्यांच्या जवळ एकदम भरतं. आणि रिकामं होताना त्याच वाटेने परत येत नाही. भरताना द्रवाचं पृष्ठ नळीच्या भिंतींवर दंडगोल असतं, रिकामं होताना तोंडाशी अर्धगोल, म्हणून आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत ते पाणी सोडत नाही. हा हिस्टेरेसिस. रसायनशास्त्रज्ञ झिगमोंडी यांनी १९११ मध्येच जेलच्या अशा वागण्याची सांगड केल्विनच्या समीकरणाशी घातली होती. कोकणातल्या पावसाळ्यात गोदामाची हवा पार दमट होऊ नये एवढंच हवं असेल तर रुंद छिद्रांचं चालेल. लेन्सवर बुरशी नको असेल, आर्द्रता निम्म्याच्या खाली ठेवायची असेल, तर अरुंद छिद्रांचंच घ्या, आणि १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरा.

तुमच्या ड्रायरच्या टॉवरमध्ये कुठलं डेसिकंट (ओलावा शोषणारा पदार्थ) होतं आणि रिजनरेशनचं (ते पुन्हा कोरडं करण्याचं) तापमान किती ठेवत होता, ते इथे लिहाल का? उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आउटलेटचा दवबिंदू किती बदलायचा हे कळलं, तर वर दिलेले आकडे प्रत्यक्षातल्या टॉवरशी ताडून बघता येतील.