दावा खिशात घेऊन फिरणाऱ्यांसाठी काही सूचना

आपला दिवाणी दावा प्रलंबित असेल, तर आपण प्रथम त्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयाने प्रत्येक प्रकरणाला दिलेला ओळख क्रमांक, पाठ करावा. आधार क्रमांक १२ आकड्यांचा आणि हा १६ अक्षरांचा. म्हणजे माणसापेक्षा त्याचा दावा मोठा असतो हे सरकारलाही मान्य आहे, आणि पुष्कळदा तो आयुष्यानेही मोठा निघतो. २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले असल्यामुळे, तारीख विचारण्यासाठी वकिलांच्या कारकुनाला चहा पाजण्याची आता गरज उरलेली नाही. संकेतस्थळावर क्रमांक टाकावा, वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करावे (दाव्यात काही सिद्ध होवो न होवो, एवढे नक्की होते), आणि पुढची तारीख चहाविना पाहावी. तरीही उदास वाटल्यास राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड उघडावे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांतील चार कोटींहून अधिक प्रलंबित प्रकरणांचा आकडा पाहिला, की आपण एकटे नाही याची खात्री पटते.

आदेश वाचण्याची घाई मात्र करू नये. आमच्या वाटपाच्या दाव्यात निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, आदेश झाल्याचे रोजनाम्यात दिसले. वकीलसाहेब फोन उचलत नव्हते, म्हणून मी स्कॅन केलेली प्रत उघडली. पान जरा तिरके होते, पण तक्रार करण्यासारखे नव्हते. शेवटची ओळ 'मंजूर करण्यात येत आहे' अशी होती, आणि तिच्या आरंभी, समासाला लागून, फायलीची दोरी ओवण्यासाठी पाडलेले भोक होते. त्या भोकात 'ना' होता की नव्हता, यावर घरात दोन रात्री युक्तिवाद झाला.

भावाने वाटणी कबूल केल्याचा व्हॉट्सअॅप संदेश आपण जपून ठेवला असेल, तर निर्धास्त असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत केवळ दोन भागांचे प्रमाणपत्र लागते: एक भाग आपण भरावा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोघांनीही हॅश मूल्य लिहावे. हॅश म्हणजे काय, हे भावाला विचारू नये.

निवाडे शोधण्यासाठी आपल्या वकिलांना चॅटजीपीटी सुचवावे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी त्याने रचलेले, कोठेही न झालेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला, हे खरे. पण त्या निवाड्यांना भोक नव्हते, हेही लक्षात घ्यावे.

इतके होऊनही आपला हट्ट कागदाचाच असेल, तर नकलेच्या खिडकीवर अर्ज करावा, तिकीट चिकटवावे आणि थांबावे. मला नक्कल मिळाली. पांढरे भोक झेरॉक्समध्ये काळेभोर उमटले होते, आणि त्याच्या शेजारी निळ्या शाईत शिक्का होता: 'खरी नक्कल'.