इन्सुलिन घेणाऱ्यांनी ग्लुकोमीटर कपाटात टाकू नये

‘तीन महिन्यांची एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) केली की पुरे. घरचं मशीन खोटं बोलतं, साखर उतरली की शरीरच सांगतं. रोज बोटं टोचायला लावणं हा नुसता धंदा आहे.’ असा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. फक्त गोळ्यांवर असलेल्या बऱ्याच जणांना रोज तपासायची गरज नसते, एवढं त्यात खरं आहे. पण त्याने इन्सुलिनवाल्यांनाही त्यातच ओढलंय, आणि ते जिवावर बेतू शकतं.

एचबीएवनसी ही सरासरी. पहाटे ५५ आणि जेवणानंतर ३०० असली तरी ती ठीकठाक दिसू शकते. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर मरतात, तिथे तर ती खऱ्यापेक्षा कमी येते. सुरगाणा-पेठच्या आदिवासी भागात हा आजार आढळतो, तिकडच्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मशीन खोटं? मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वरची किमान ९५ टक्के रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे, एवढ्यातच असावी लागतात. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल, तर मशीनवर १७० ते २३०. याहून मोठी चूक बऱ्याचदा बोटावर असते. निफाड-पिंपळगावकडे हंगामात द्राक्षांचे घड हाताळून तसंच बोट टोचलं, की कातडीवरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा भलताच चढतो. तो बघून जादा इन्सुलिन घेतलं तर साखर खरोखर कोसळेल! स्पिरिटचा बोळा पुरत नाही. साबणाने हात धुवा, कोरडे करा, मग बोटाच्या कडेला टोचा. मशीनमध्ये घालायच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, ओल लागली की त्या बिघडतात.

‘शरीर सांगतं’ हे सगळ्यात घातक. साखर वारंवार उतरत गेली की घाम, थरथर जाणवेनाशी होते. रक्तदाब-हृदयविकारासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या धडधड लपवतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी उपास धरून ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्या इन्सुलिनवाल्याने शरीराच्या भरवशावर चालायचं? डोसाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला, निघताना आणि वाटेत तपासा. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

धंद्याचं म्हणाल, तर १९९३ साली जाहीर झालेल्या डीसीसीटी या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या (शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच न होणाऱ्या) रुग्णांनी दिवसातून चारदा तपासून इन्सुलिन जुळवलं. त्यांच्यात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. स्ट्रिप महाग पडतात, हे खरंच. मग डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि कुठल्या वेळा सोडायच्या नाहीत ते त्यांच्याकडून लिहून घ्या.