निर्मळ पाण्याचा असहकार

आमच्या इंदूरच्या घराच्या अंगणाखाली पाच हजार लिटरची टाकी असून तिच्यात दोन कुळांचे पाणी नांदते: एक दिवसाआड नळाला येणारे नर्मदेचे आणि पावसाळ्यात गच्चीवरून उतरणारे आभाळाचे. नर्मदा 1978 पासून सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांच्या जोरावर विंध्याचा चढ चढून शहरात येते, म्हणून टाकी वाहू देणे आमच्याकडे पातक समजले जाते. पावसाचा हिशेब निराळा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 2360 लिटर पाणी होते. म्हणजे एखाद्या दमदार रात्रीत टाकी काठोकाठ भरते आणि ती भरली की नाही, हे छत्री धरून फरशीचे झाकण उचलणाऱ्यालाच कळते. तो मान घरात एकट्या माझा आहे.

तेव्हा पातळी सांगणारे यंत्र घरीच करावे, असे मी ठरवले. कल्पना सरळ आहे. एक तार तळाशी सोडून तिला 12 व्होल्ट द्यायचे, बाकीच्या तारा वेगवेगळ्या उंचीवर लोंबत ठेवायच्या. पाणी ज्या तारेला शिवेल तिच्यातून किंचित प्रवाह ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे बारीक प्रवाह मोठा करणाऱ्या चिमुकल्या भागाच्या, ‘बेस’ नावाच्या पायाला पोहोचतो आणि त्या पातळीचा दिवा लागतो. महाराणी रोडवरच्या दुकानदाराने बीसी 547 ट्रान्झिस्टर, एलईडी, झिरो पीसीबी (सुटे भाग जोडायची भोकाभोकांची पट्टी) आणि बझर कागदात गुंडाळत, “भिया, ये तो मेरा छोरा भी बना ले,” असा आशीर्वादही दिला.

नळाच्या पाण्याच्या बादलीत दिवे झळकले, बझर किंचाळला आणि सौभाग्यवतींनी कुकरची शिट्टी समजून गॅस बंद केला. मग खरा पाऊस आला. टाकी भरून पाणी अंगणात वाहू लागले, तरी तळाचा दिवा जेमतेम लुकलुकत होता आणि बझर मौनात होता. पाण्यातून वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, आणि पावसाचे पाणी म्हणजे निसर्गाने स्वतः ऊर्ध्वपातन करून पाठवलेले. त्यात क्षार नावापुरतेच. पाणी जितके निर्मळ, तितके माझ्या यंत्राला ते दिसेनासे होत होते.

“अरे, मूठभर मीठ टाक,” बाबा म्हणाले.

“टाकीचे लोणचे घालायचे आहे का?” आतून आवाज आला.

उपाय डार्लिंग्टन जोडीचा होता. एका ट्रान्झिस्टरने वाढवलेला प्रवाह दुसऱ्याच्या बेसला द्यायचा, म्हणजे शेकड्यांतली वाढ हजारो पटींवर जाते. वरच्या सगळ्या पातळ्यांना मी अशा जोड्या लावल्या. आता यंत्र इतके हळवे झाले की टाकी अर्धी असतानाही, तारा बांधलेल्या लाकडी पट्टीवरच्या नुसत्या ओलाव्याने ते मध्यरात्री ‘भरली, भरली’ म्हणून आक्रोश करी. लाकडाच्या जागी प्लॅस्टिकची नळी आली तेव्हा कुठे शेजाऱ्यांना झोप लागली. त्यानंतर तांब्याची पाळी. सतत एकाच दिशेचा प्रवाह मिळाल्याने धन बाजूची तार झिजून हिरवी पडली आणि तिचे तांबे मुकाट्याने पाण्यात उतरू लागले. पाण्यात स्टीलचे स्क्रू सोडून प्रवाह फक्त बटण दाबल्यावरच मिळेल अशी सोय केल्यावर तो प्रश्न मिटला. बझरला मात्र कायमची रजा मिळाली, कारण बटण दाबून आरडाओरडा ऐकण्याची हौस घरात कोणालाच नव्हती.

तळाच्या दिव्याला जुना एकटा ट्रान्झिस्टर तसाच राहिला, कारण झिरो पीसीबीवर जागा उरली नव्हती. या त्रुटीबद्दल मी कोणाकडे वाच्यता केली नाही. पण सौभाग्यवतींच्या नजरेतून काही सुटत नाही: तो दिवा ठळक असला तर टाकीत नर्मदा, मंद असला तर आभाळ, हे त्यांनी केव्हाच ताडले. आभाळाच्या पाण्यात साबणाला फेस चांगला येतो, म्हणून नणंदबाईंना फोन करून त्या सांगतात, “आज दिवा अगदी मिणमिणता आहे, केस धुवायला ये.” वरचे चार दिवे, ज्यांच्यासाठी मी एवढा खटाटोप केला, त्यांच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही.