ब्लॉग सुचवताना यादी नको, एक नोंद द्या

मराठीत वाचण्याजोगे ब्लॉग कोणते, असे कोणी विचारले की आपण आठ-दहा नावे पाठवून मोकळे होतो. विचारणारा ती जपून ठेवतो आणि बहुधा एकही उघडत नाही. मला याची खंत वाटते, कारण व्यक्तिगत ब्लॉगांवर जे गद्य आहे ते अन्यत्र सहसा सापडत नाही. निवृत्त अभियंता धरणाच्या कामावरच्या दिवसांविषयी नोंदींमागून नोंदी लिहितो, येऊरच्या जंगलात नेमाने फिरणारे कोणी एकाच पांगाऱ्याला दरवर्षी फुले कधी आली हे टिपून ठेवते. इतके सावकाश, इतके तपशिलाचे लेखन दिवाळी अंकाच्या पानांत मावत नाही आणि वृत्तपत्राच्या स्तंभातही बसत नाही.

ते सापडत नाही, हीच खरी अडचण आहे. पूर्वी बहुतेक ब्लॉगांच्या कडेला लेखकाच्या आवडत्या ब्लॉगांची यादी असे आणि एकावरून दुसऱ्यावर जाता येत असे. गूगल रीडरमध्ये आवडीच्या सगळ्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी एकत्र वाचता येत. १ जुलै २०१३ रोजी तो बंद झाला आणि अनेक वाचकांची ती सवयच मोडली. पुढे दुवे फेसबुकवर येऊ लागले, परंतु कोणता दुवा कोणाला दिसावा हे तिथले अल्गोरिदम ठरवते आणि चार वर्षांपूर्वीची उत्तम नोंद ते आपल्यापुढे क्वचितच आणते. वास्तविक ब्लॉगर आणि वर्डप्रेस आजही प्रत्येक ब्लॉगची फीड, म्हणजे नव्या नोंदींची यादी, आपोआप तयार करतात. फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचण्याच्या सेवांमध्ये ब्लॉगचा पत्ता टाकला की नव्या नोंदी आपल्याकडे येऊ लागतात. ही सोय मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

तरीही पहिली ओळख माणसानेच करून द्यावी लागते. आपल्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. तिथे आलेले पुस्तक दाखल नोंदवहीत चढते, त्याला विषय आणि क्रमांक मिळतो, त्यामुळे लेखकाचे नाव विस्मरणात गेले तरी पुस्तक हाती लागू शकते. ब्लॉगची अशी नोंद सहसा कोणी ठेवत नाही. म्हणून वाचकाने केलेली शिफारस ही निव्वळ आवड कळवणे नसून जवळजवळ सूचिकाराचे काम आहे, आणि ते त्याच काळजीने व्हावे असे मला वाटते.

माझ्या मते शिफारस ब्लॉगची करूच नये, नोंदीची करावी. ताजी नोंद पुष्कळदा सणाच्या शुभेच्छांची किंवा प्रवासातल्या छायाचित्रांची असते आणि नवा वाचक तिथूनच परततो. आपल्याला ज्या नोंदीने थांबवले तिचा थेट दुवा द्यावा आणि का थांबवले ते दोन वाक्यांत लिहावे. ‘छान लिहितात’ याने काहीच कळत नाही; ‘खाडीकाठच्या मिठागरांत काम कसे चालत असे ते इतके बारकाईने मी दुसरीकडे वाचले नव्हते’ असे लिहिले की वाचणाऱ्याला निवड करता येते. लेखकाने दोन-तीन वर्षांत काही लिहिलेले नसले तरी संकोच करू नये. थांबलेला ब्लॉगही पूर्ण असू शकतो.

आणखी एक काम शिफारस करतानाच उरकावे. ज्यांनी स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतंत्र पत्ता, घेतले आहे त्यांचे शुल्क थकले, किंवा लेखकच राहिला नाही, तर बरीच वर्षे घेऊन लिहिलेले सारे एका दिवसात दिसेनासे होऊ शकते. संकेतपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानाचा पत्ता देऊन त्याची प्रत विनाशुल्क जतन करता येते आणि त्याला मिनिटभरापेक्षा फारसा वेळ लागत नाही.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या जगण्याविषयी, खाडी, चाळी, कारखाने, शाळा यांविषयी लिहिलेल्या मराठी नोंदी मी सध्या शोधतो आहे. आपल्या वाचनात आलेली एखादी असेल तर तिचा दुवा आणि ती निवडण्याचे कारण इथे लिहावे, ही विनंती.